गस्तीवरच्या पोलिसांनी नॅलोक्सोन कसं द्यायचं, मी शिकवते तसं

मी मॅसॅच्युसेट्समध्ये नर्स आहे. हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांच्या अतिमात्रेने श्वास बंद पडत असलेल्या माणसाला नॅलोक्सोन हा उतारा नाकातल्या स्प्रेने कसा द्यायचा, ते मी पोलिसांना शिकवते. याच राज्यातल्या क्विन्सीचे पोलीस २०१० पासून गस्तीवर ते जवळ बाळगतात. रुग्णवाहिकेआधी पुष्कळदा पोलीसच पोचतात.

आधी बेशुद्ध माणसाला मोठ्याने हाक मारा, छातीच्या मधल्या हाडावर मुठीची पेरं जोरात घासा. प्रतिसाद नाही, ओठ निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास घरघरता किंवा जवळजवळ बंद? रुग्णवाहिका बोलवा. उताणं झोपवा, मानेखाली हात देऊन डोकं मागे करा. बोटं नाकाला टेकेपर्यंत स्प्रेची नळी एका नाकपुडीत घाला आणि दट्ट्या पूर्ण दाबा. हवेत दाबून तपासू नका, आत एकच मात्रा असते.

मग श्वास द्या. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण स्प्रे मारून नुसतं बघत उभं राहिलं तर मेंदू ऑक्सिजनवाचून राहतो. मास्क लावून दर पाच सेकंदांनी एक श्वास. नाडी नसेल तर सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि श्वास देणं. दोन-तीन मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरा स्प्रे, दुसऱ्या नाकपुडीत. श्वास सुरू झाला की कुशीवर वळवा.

शुद्धीवर येणारा माणूस घाबरलेला, चिडलेला असतो, ओकतो. त्याच्यावर ओरडू नका, काय झालं ते शांतपणे सांगा. औषधाचा परिणाम ३० ते ९० मिनिटांत ओसरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो, म्हणून दवाखान्यात जायला त्याला राजी करा.

ड्युटी संपली की स्प्रे तापलेल्या गाडीत सोडून जाऊ नका.