मेळघाटातल्या लेकरांसाठी घरच्या घरी मराठीचे खेळ

धारणी-चिखलदऱ्याकडं घरात कोरकू बोलतात अन् अंगणवाडीत एकदम मराठी, मग लेकरू गप्प बसणारच ना. कोरकू मुंडा कुळातली भाषा, मराठीशी नातंच नाही तिचं. म्हणून वही-पाटी नंतर, आधी खेळ.

लग्नाच्या जुन्या पत्रिका जमा करा, जाड असतात, मागची बाजू कोरी असली तं उत्तमच. पत्त्याएवढे तुकडे कापून एकेका चित्राचे दोन दोन काढा, बैल, मडकं, मोह, कोंबडी असं रोजचं दिसणारं, जहाज-बिहाज नको. सहा जोड्या पुरे. पालथे मांडायचे, लेकरू दोन उलटवते अन् नाव मोठ्यानं सांगते, जोडी जमली तं त्याची. कोरकूत सांगितलं तरी चालू द्या, आपण फक्त मराठीत म्हणून दाखवायचं, रागवायचं अजिबात नाही.

दुसरा चिंचोक्यांचा. अष्टा-चंग्याला करतो तसं घासून एक बाजू पांढरी करा, पाच फेका, जितके पांढरे तितक्या उड्या, मोजणं मराठीत. सगळे काळे पडले तं अंगणवाडीच्या ताईनं कोरकूत मोजायचं, तिथं ताई अडकते अन् पोट्टे खो खो हसतात. चिंचोके तीन वर्षांखालच्यांच्या हाती देऊ नका, नाकात घालतात.