सात अठ्ठेचाळीसची लोकल घरातूनच पकडा

मी डोंबिवलीची. सत्तावीस वर्षं फोर्टातल्या ऑफिसात हिशेब लिहिले, पण व्यायाम असा कधी केला नाही. तो आपोआप होत होता, हे मार्च २०२०मध्ये लोकल बंद झाल्यावर कळलं. घर ते स्टेशन पायी, पूल चढा-उतरा, तिघांच्या बाकावरची चौथी सीटही मिळाली नाही तर ठाण्यापर्यंत उभं, सीएसएमटीहून ऑफिसपर्यंत भराभर. संध्याकाळी तेच उलट. १५ ऑगस्ट २०२१पासून दोन डोसवाल्यांना लोकल खुली झाली. पुढच्याच आठवड्यात पास काढून पूल चढले आणि निम्म्यात कठडा धरून उभी राहिले. मागची मुलगी म्हणाली, "आजी, पाणी देऊ का?" दम लागल्यापेक्षा ते 'आजी' जास्त लागलं.

माझं अजूनही तीन दिवस घरूनच काम असतं. तुमचंही असेल, तर आधी पावलं मोजा. ऑफिसचा एक दिवस, घरचा एक दिवस, मोबाइलवरच. माझी ऑफिसच्या दिवशी साडेआठ हजार भरली, घरी एकोणीसशे. मात्र फोन अंगावर हवा, चार्जिंगला लावून नव्हे. मी गाऊनला खिसा शिवून घेतला.

"घरकाम होतंच की!" असं मीही म्हणायचे. लॉकडाऊनमध्ये बाई येत नव्हती, झाडू-लादी-भांडी सगळं माझ्याकडे (लादी नंतर ह्यांच्याकडे गेली, ती कथा वेगळी). तरी सहा किलो वाढले. भांडी घासताना आपण नुसतं उभं असतो. दम लागतो तो उकिडवं बसून लादी पुसताना. ओळखायची खूण सोपी आहे: बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम हवा. जागतिक आरोग्य संघटनेने ऐन साथीत, नोव्हेंबर २०२०मध्ये, मोठ्या माणसांसाठी जे आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगितलं, ते असल्या हालचालीचं. म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास.

तो अर्धा तास काढायची माझी युक्ती म्हणजे जुनी गाडी. घरी असले तरी सात अठ्ठेचाळीसला चपला घालून बाहेर. स्टेशनच्या दिशेने दहा मिनिटं, परत दहा, आणि मगच लॅपटॉप उघडायचा. संध्याकाळी लॅपटॉप मिटला की पुन्हा तेवढंच. 'वेळ मिळाला की चालू' म्हणाल तर तो मिळत नाही. गाडी चुकली की चुकली, असंच मनाला सांगायचं. पावसात हॉल ते स्वयंपाकघर इंग्रजी आठच्या आकड्यात फिरा. एकाच बाजूने गोल फिरलं की मला गरगरतं. आणि अनवाणी टाचा आपटू नका. खालच्या वहिनी वर येऊन गेल्यात.

जिने चढा, पण गुडघे कुरकुरत असतील तर उतरायला लिफ्ट घ्या. खाली येताना गुडघ्यांवर जास्त भार येतो. मी दोन मजल्यांपासून सुरुवात केली आणि दर आठवड्याला एक वाढवला. पहिल्याच दिवशी पाच चढून दुसऱ्या दिवशी आयोडेक्स चोळत बसण्यात काय हशील? चढताना छातीत दुखलं किंवा दम बसेना, तर मात्र थांबा आणि डॉक्टर गाठा.

बसून राहण्याचं सांगायचं तर फोन आला की उठायचं, एवढाच नियम. ऑफिसचे निम्मे कॉल नुसते ऐकायचेच असतात.

राहिली ताकद, ती चालून येत नाही. आठवड्यातून दोनदा भिंतीला हात टेकून दहा दंड, आणि हात न टेकता खुर्चीवरून दहा उठाबशा. खुर्ची भिंतीला लावून घ्या, चाकांची तर अजिबात नको. माझी मागे सरकली होती.