बोट कलल्यावर वॉटरमेकर (समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र) बंद पडला, तो असा सुरू केला

शर्यतीत बोट दिवसेंदिवस एकाच बाजूला कललेली असते. इनटेक, म्हणजे समुद्राचं पाणी आत घेणारं तोंड, वाऱ्याकडच्या बाजूला असेल तर तो पाण्याबाहेर येतो, पंप हवा ओढतो, प्रेशर गेजचा काटा थरथरतो आणि गोडं पाणी थांबतं. मेम्ब्रेनला (मीठ अडवणाऱ्या पडद्याला) लगेच दोष देऊ नका.

शीड जरा सैल सोडून बोट सरळ केली. प्रेशर व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत नुसतं खारं पाणी फिरवलं, मग दाब सावकाश चढवला. साधारण 55 बारला धार परत आली. तरीही दाब चढला नाही, तर 5 मायक्रॉनचा फिल्टर तुंबलेला असू शकतो, तो बदला.

सुरुवातीचं पाणी चाखल्याशिवाय टाकीत सोडू नका. आणि क्लोरीनचं पाणी मेम्ब्रेनला अजिबात लागू देऊ नका. ती कायमची खराब होते.