खान्देशातून पहिल्यांदा परदेशी निघताना: कागदांवरच्या नावापासून मसाल्याच्या डब्यापर्यंत

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून परदेशी जाणारे बहुतेक लोक तीन प्रकारचे असतात: मुलाकडे-मुलीकडे जाणारे आईवडील, दुबई-थायलंडच्या सहलीला निघालेलं कुटुंब आणि कामासाठी आखातात जाणारी तरुण पोरं. तिघांची गाडी बहुतेक वेळा दोनच ठिकाणी अडते. एक, कागदांवर नाव आणि जन्मतारीख जुळत नाही. दोन, बॅगेत असं काहीतरी निघतं जे त्या देशात चालत नाही. म्हणून या दोन गोष्टी इथे सविस्तर दिल्या आहेत, बाकीच्या थोडक्यात.

आधी कागद मांडा

पासपोर्टचा अर्ज उघडण्याआधी आधार, पॅन, शाळा सोडल्याचा दाखला, मतदान ओळखपत्र आणि बँकेचं पासबुक एका ओळीत ठेवा आणि नाव अक्षरन् अक्षर वाचा. आपल्याकडे दाखल्यावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. आधारवर आडनाव शेवटी येतं. क्रमाचं फारसं बिघडत नाही, स्पेलिंगचं बिघडतं. 'पाटील' एका ठिकाणी एका आयने आणि दुसरीकडे दोन ईंनी लिहिलेलं असतं, 'चौधरी'ची तर चार रूपं सापडतात. एक रूप ठरवा, आधार-पॅन त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या आणि मगच अर्ज भरा.

अर्जात आडनावाच्या रकान्यात फक्त आडनाव आणि नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव व वडिलांचं (किंवा पतीचं) नाव लिहा. आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. पासपोर्टवर एकच शब्द असेल तर संयुक्त अरब अमिरातीचा, म्हणजे दुबईचा, पर्यटक व्हिसा अडतो. २०२२ च्या नोव्हेंबरपासून तिथे हा नियम आहे.

बायकांच्या बाबतीत दाखल्यावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, हे घरोघरी दिसतं. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही. जे नाव ठेवायचं ते सगळीकडे एकच ठेवा. सासरचं ठेवणार असाल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र काढून ठेवा, पुढे व्हिसालाही ते लागतं.

जन्मतारखेचा घोळ जुन्या पिढीत हमखास असतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिलेला असतो आणि आधार काढताना नुसतं वर्ष सांगितलं म्हणून तिथे १ जानेवारी पडलेली असते. १ ऑक्टोबर २०२३ पूर्वी जन्मलेल्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखला, शाळेचा दाखला, पॅन, वाहन परवाना, आयुर्विम्याची पॉलिसी यांपैकी एक कागद चालतो. त्या तारखेपासून जन्मलेल्या बाळाला मात्र जन्मदाखलाच लागतो. कोणती तारीख धरायची ते ठरवा आणि बाकीचे कागद तिच्याशी जुळवा. पासपोर्ट झाल्यावर तारीख बदलणं फार जिकिरीचं काम आहे.

पासपोर्ट

अर्ज पासपोर्ट सेवा पोर्टलवर करा आणि फी तिथेच भरा. ३६ पानांचा साधा पासपोर्ट १५०० रुपयांना, ६० पानांचा २००० रुपयांना मिळतो. तातडीचा हवा असेल तर वर २००० रुपये पडतात. नव्या पासपोर्टसाठी साठीच्या पुढच्यांना फीमध्ये दहा टक्के सूट आहे. जळगावात मुख्य पोस्टातल्या केंद्रात काम होतं, त्याशिवाय नाशिकचं केंद्र आहेच. जाताना मूळ कागद न्या, झेरॉक्सवर भागत नाही.

त्यानंतर पोलीस पडताळणी होते. अर्जातला पत्ता गावातल्या घराचा आणि राहणं मळ्यात, असं असेल तर ठाण्यातून फोन आल्यावर त्या दिवशी घरी हजर राहा. 'पत्त्यावर मिळून आला नाही' असा शेरा पडला की फाईल तिथेच थांबते.

दहावी न झालेल्या, पन्नाशीच्या आतल्या माणसाच्या पासपोर्टला 'ईसीआर' (परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी आवश्यक) असा दर्जा मिळू शकतो. असा माणूस आखातात नोकरीला जाणार असेल तर सरकारची परवानगी लागते आणि ती ई-मायग्रेट पोर्टलवरून होते. एजंटाचा परवाना तिथेच तपासा. परवानाधारक एजंटाला ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. "आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर कामाचा करून देऊ" असं कुणी म्हणालं तर तिथूनच माघारी फिरा. पगार बुडाला, मालकाने पासपोर्ट काढून घेतला तर अशा पोराच्या हातात तक्रार करायला कागदच नसतो.

जुना पासपोर्ट असेल तर शेवटची तारीख बघा. दुबई, सिंगापूर, व्हिएतनाम अशा बऱ्याच देशांना पोहोचण्याच्या दिवशी किमान सहा महिने मुदत शिल्लक लागते. युरोपच्या शेंगेन देशांना (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांचा गट) तिथून परत निघण्याच्या तारखेनंतर तीन महिने मुदत, दोन कोरी पानं आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला पासपोर्ट लागतो.

व्हिसा

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. प्रत्यक्षात दोन महिने हातात ठेवा. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५ युरो. प्रवास विमा किमान ३० हजार युरोंचा हवा आणि तो सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा. अमेरिकेला दोन इंच बाय दोन इंच, चष्म्याशिवाय. गल्लीतल्या स्टुडिओत माप लिहूनच द्या आणि चेहरा गोरा-गुळगुळीत करू नका म्हणून बजावा, तसा फोटो परत येतो.

अमेरिकेचा डीएस-१६० अर्ज ऑनलाइन भरायचा, फी १८५ डॉलर. बोटांचे ठसे आणि मुलाखत या दोन वेगळ्या भेटी असतात. मुंबईच्या वकिलातीत मुलाखत मराठीतून देता येते, त्यामुळे आईला पाठ केलेली इंग्रजी वाक्यं शिकवू नका. कुणाकडे, किती दिवस, खर्च कोण करणार, इकडे मागे कोण आहे, याची खरी आणि छोटी उत्तरं पुरतात. व्हिसा दहा वर्षांचा मिळाला तरी एका खेपेला किती राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. ती तारीख आय-९४ नोंदीत ऑनलाइन दिसते. पोहोचल्यावर लगेच बघा आणि परतीचं तिकीट तिच्या आतलं ठेवा.

शेतकऱ्याला उत्पन्नाचा पुरावा द्यायचा असतो आणि आयकर विवरण भरलेलं नसतं. अशा वेळी सातबारा, आठ-अ आणि सहा महिन्यांचं शिक्का मारलेलं बँक स्टेटमेंट जोडा. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर सोबत हवं. कापूस किंवा केळीचे पैसे एकदम खात्यात येतात. अर्ज तपासणाऱ्याला ती रक्कम व्हिसापुरती उसनी आणल्यासारखी दिसते. म्हणून जिनिंगची किंवा व्यापाऱ्याची हिशोबपट्टी, तारीख आणि रक्कम जुळेल अशी, त्या नोंदीसोबत लावा आणि एका ओळीत इंग्रजीत खुलासा लिहा.

थायलंड, सिंगापूर, मलेशिया या तिन्ही ठिकाणी पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही. थायलंडच्या व्हिसा-सवलती बदलत असतात, तिकीट काढण्याच्या दिवशी त्यांच्या वकिलातीच्या साइटवर वाचा.

लहान मूल एकाच पालकासोबत जाणार असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र ठेवा.

पैशांचं थोडक्यात: रोख परकीय चलन एका प्रवासाला ३००० डॉलरपर्यंत, बाकी फॉरेक्स कार्डवर (परकीय चलन भरलेलं कार्ड). भारतीय नोटा २५ हजारांपर्यंत नेता येतात. टूर कंपनीने पैसे घेताना कापलेला कर, म्हणजे टीसीएस, आयकर विवरण भरून परत मिळवता येतो, पावती जपा.

बॅग

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, आणि त्या प्रेमापोटी होतात.

खसखस अमिरातीत अमली पदार्थांत मोडते. चिमूटभर सापडली तरी अटकेपर्यंत प्रकरण जातं. घरच्या काळ्या मसाल्यात खसखस घालायची पद्धत अनेक घरांत आहे आणि अनारशांवर तर ती डोळ्यांना दिसते. दुबईला न्यायचा मसाला खसखस वगळून वेगळा कुटा, अनारसे नेऊच नका. सिंगापूरलाही खसखशीवर निर्बंध आहेत. तंबाखू, गुटखा, विड्याची पानं या दोन्हीकडे जाणाऱ्यांनी घरीच ठेवावीत.

सुक्या खोबऱ्याची वाटी विमानात चालत नाही, ते पेट घेणारं धरतात. खोबरं भाजून मसाल्यात कुटून न्या. मसाला, तिखट आणि लोणचं चेक-इन बॅगेत, दुहेरी पिशवीत, वर इंग्रजीत नाव लिहून. हातातल्या बॅगेत तिखट टाकलं तर सुरक्षा तपासणीत काढून ठेवतात. उलट पॉवरबँक हातातल्याच बॅगेत हवी, १०० वॅट-तासांपर्यंतची. २० हजार एमएएचची साधारण ७४ वॅट-तास भरते.

युरोपात भारतातून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, खवा, श्रीखंड आणि घरचं तूपसुद्धा त्यात आलं. ताजी फळं-भाज्याही रोगमुक्तीच्या प्रमाणपत्राशिवाय नाहीत. त्याला अपवाद असलेल्या मोजक्या फळांत केळी आहेत, त्यामुळे रावेरचं केळं नेणं युरोपच्या नियमात बसतं. भरताची वांगी बसत नाहीत. वांग्याचं बी पुडीत बांधून नेणं तर कुठेच करू नका. अमेरिकेत तांदूळ आणि अख्खे हरभरे धान्यातल्या खाप्रा किडीमुळे अडवतात. बिबडे, पापड, शेव, केळीचे वेफर्स, कळण्याचं पीठ यांना बहुधा अडचण येत नाही, मात्र अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात 'खाद्यपदार्थ आहेत' असं जाहीर करा. जाहीर करून अडवलं तर वस्तू जाते. लपवून सापडलं तर दंड होतो, ऑस्ट्रेलियात व्हिसाही रद्द होऊ शकतो.

ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत शेतावर जाऊन आलात का, हेही विचारतात. मळ्यातले बूट-चपला नेणार असाल तर तळाच्या भेगांतली माती ब्रशने काढून धुऊन वाळवा आणि प्रश्नाला 'हो' म्हणा.

औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, घटकाचं नाव लिहून घेतलेली. मुक्कामाला पुरतील एवढीच. ट्रामाडॉल, प्रेगाबालिन, अल्प्राझोलाम, कोडीनचं खोकल्याचं औषध, यांना अमिरातीत आधी त्यांच्या आरोग्य खात्याची ऑनलाइन परवानगी लागते. वैद्यांनी कागदात बांधून दिलेली बिननावाची चूर्णं ठेवून जा. विमा काढताना शुगर, बीपी लपवू नका, दावा तिथेच फेटाळला जातो.

निघणं आणि परत येणं

भुसावळ-मुंबई मार्गावर पावसाळ्यात कसारा घाटात गाड्या रखडतात. जून ते सप्टेंबरमध्ये विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबईत पोहोचा. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारच्या लोकांना ताप्ती लाइनने सुरतमार्गे येऊन अंधेरीला उतरणं सहार विमानतळासाठी सोयीचं पडतं. तिकिटावर मुंबई लिहिलंय की नवी मुंबई, हे आता नीट वाचा. विमानतळावर साडेतीन-चार तास आधी या.

राहिला सोन्याचा विषय, आणि सुवर्णनगरी जळगावच्या लोकांना तो लागतोच. पुरुषांना २० ग्रॅम आणि बायकांना ४० ग्रॅम दागिने करमुक्त आणण्याची सवलत एक वर्षाहून जास्त परदेशात राहिलेल्यांना आहे. दुबईला आठ दिवस फिरून येणाऱ्याला ती मिळत नाही. तिथे दागिना घेतलाच तर पावती हातात ठेवा, उतरल्यावर लाल मार्गाने (कस्टम्सला सामान जाहीर करण्याच्या वाटेने) जा आणि कर भरा.

लग्नासाठी इथले दागिने अंगावर घालून जात असाल तर निघतानाच विमानतळावरच्या कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. सराफाची बिलं किंवा सरकारमान्य मूल्यांककाचं वजन-शुद्धतेचं प्रमाणपत्र, दागिन्यांचे फोटो, पासपोर्ट आणि तिकीट सोबत हवं. ही नोंद बॅग चेक-इन करण्याआधी करून घ्या आणि त्यासाठी तासभर वेळ वेगळा धरा. येताना हेच प्रमाणपत्र दाखवलं की जुन्या सोन्यावर कर मागितला जात नाही.