पीआयसीयूत (मुलांच्या अतिदक्षता विभागात) सोनोग्राफी शिकवताना आणि पारखताना

नवा रेसिडेंट आला की मी त्याच्या हाती लगेच प्रोब (सोनोग्राफी मशीनचा अंगावर टेकवायचा भाग) देत नाही. आधी विचारते, या बाळात नेमकं काय शोधायचंय? ‘छाती बघतो’ एवढ्यावर मी मशीन सुरू करू देत नाही. ‘डावीकडचा श्वास अचानक ऐकू येईनासा झालाय, न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुप्फुसाबाहेर साठलेली हवा, आहे का?’ असा प्रश्न हवा. शिकवणाऱ्यांनी ही सवय पहिल्या दिवसापासून लावा, नंतर लागत नाही.

सुरुवात फुप्फुसापासून करा. मुलांच्या छातीची भिंत पातळ असते, लिनिअर (सपाट तोंडाच्या) प्रोबने चित्र स्वच्छ येतं. तान्ह्या बाळात खोली तीन-चार सेंटीमीटरवर ठेवा. दोन बरगड्यांच्या सावल्या आणि मधली प्लुराची (फुप्फुसाच्या आवरणाची) पांढरी रेघ सापडल्याशिवाय खालच्या कशाचाही अर्थ लावू देऊ नका. आधी स्थिर मुलांची निरोगी फुप्फुसं भरपूर बघू द्या, कारण श्वासाबरोबर सरकणारी प्लुरा डोळ्यांत बसली नसेल तर न सरकणारी ओळखणार कशी? जेल कोमट हवं, बाळाचं अंग गरजेपुरतंच उघडं, आणि प्रोब आधी व नंतर पुसलेला. यात ढिलाई मला अजिबात सहन होत नाही.

रक्तवाहिन्यांसाठी पहिल्या सुया सरावाच्या मॉडेलवरच. आडव्या छेदात सुईचा दांडा आणि टोक दोन्ही सारखेच चकाकत्या ठिपक्यासारखे दिसतात, आणि इथेच मुलाला इजा होते. म्हणून प्रोब थोडा पुढे सरकवून ठिपका नाहीसा करायचा, मग सुई पुढे नेऊन तो पुन्हा आणायचा. हे हातात बसेपर्यंत घोटून घ्या.

हृदय शेवटी. डाव्या कप्प्याचं आकुंचन बरं आहे की मंद, उजवा कप्पा फुगलाय का, हृदयाभोवती पाणी आहे का, एवढंच. जन्मजात दोष शोधणं हे आपलं काम नाही. युरोपातल्या बाल-अतिदक्षता तज्ज्ञांच्या संस्थेने 2020 साली दिलेल्या 41 शिफारशींतही हेच बजावलं आहे. शंका आली की बालहृदयरोगतज्ज्ञांना बोलवा. आणि व्हेंटिलेटरवरच्या मुलाला केवळ आयव्हीसी (पोटातून हृदयाकडे जाणारी मोठी शीर) बघून सलाइनचा बोलस (थोड्या वेळात दिलेला मोठा डोस) देऊ नका.

आता परीक्षा. इमर्जन्सी विभागांसाठी प्रत्येक प्रकारच्या तपासणीचे 25 ते 50 स्कॅन असा आकडा सांगितला जातो. लॉगबुकसाठी तो ठीक, पण आकडा भरला म्हणून ‘याला एकट्याने जमतं’ अशी सही मी करत नाही. शेजारी उभी राहून बघते: प्रश्न, चित्र, अर्थ आणि निर्णय. चारही वेगवेगळे तपासा, कारण सुंदर चित्र काढणारा माणूस चुकीचा निर्णय घेऊ शकतो.

माझा आवडता प्रसंग असा. श्वासनलिकेत नळी घातलेल्या मुलाचं ऑक्सिजन घसरतंय, डावी प्लुरा सरकत नाही. काय करणार? हवा काढायला लगेच सुई मागणाऱ्याला मी थांबवते. रक्तदाब टिकून आहे ना? मग प्लुरा हृदयाच्या ठोक्याबरोबर थरथरते का ते बघ. थरथरत असेल तर त्या जागी हवा साठलेली नाही. नळी उजव्या ब्रॉन्कसमध्ये (उजव्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या श्वासनलिकेच्या फाट्यात) गेली असेल, ती ओठाशी किती सेंटीमीटरवर आहे ते बघ. थरथर नाही, बी-रेषा (प्लुरापासून खाली जाणाऱ्या उभ्या चकाकत्या रेषा) नाहीत आणि बाजूला कुठे प्लुरा सरकायला लागते ती जागा सापडली, तर न्यूमोथोरॅक्स. मूल कोसळत असेल आणि लक्षणं टेन्शन न्यूमोथोरॅक्सचीच (साठलेली हवा हृदयाला दाबते त्या प्रकाराची) असतील, तर मात्र स्कॅनसाठी हवा काढणं थांबवायचं नाही. हे सगळं ज्याला बोलून दाखवता येतं, त्याच्यावर मी रात्रपाळी सोपवते.

‘नीट दिसत नाही, दुसऱ्या कुणाला दाखवतो’ या उत्तराला पूर्ण गुण द्या. ओढूनताणून सांगितलेल्या निदानाला शून्य.

सही तपासणीनिहाय करा. फुप्फुसाची मिळाली म्हणून हृदयाची मिळत नाही. दर आठवड्याला साठवलेल्या क्लिप नाव झाकून दुसऱ्या तज्ज्ञाकडून वाचून घ्या, आणि त्यात शिकवणाऱ्यांच्याही क्लिप असू द्या.