निबंधात संदर्भ कसे द्यावेत

मार्च उजाडला की माझ्या टेबलावर टीवायच्या, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या, मुलांचे निबंध आणि प्रकल्प येऊन पडतात. नाशिकची मुलं, त्यामुळे विषयही ठरलेले: काळाराम मंदिर सत्याग्रह, पांडवलेणी, कुंभमेळा, जॅक्सनचा वध. मी आधी शेवटचं पान उघडते. पुस्तक मुलाने हातात घेतलंय की त्याचं नुसतं नाव ऐकलंय, हे संदर्भसूचीवरून दोन मिनिटांत कळतं.

संदर्भ लिहायची पद्धत एपीए की एमएलए, या वादात आठवडा घालवू नका. विभागात विचारा, सांगतील ती पद्धत घ्या आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

पुस्तक हातात आलं की एक ओळही वाचायच्या आधी शीर्षकपानाचा आणि त्याच्या मागच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा. लेखक, प्रकाशक, वर्ष, आवृत्ती हे सगळं तिथे असतं. मुखपृष्ठाचा फोटो कामाचा नाही. पुनर्मुद्रण म्हणजे नवी आवृत्ती नव्हे, तेव्हा मजकूर कोणत्या आवृत्तीचा आहे ते बघा. जुन्या मराठी पुस्तकांवर बऱ्याचदा इसवी सनाऐवजी शालिवाहन शक असतो. शके १८५२ मध्ये ७८ मिळवले की १९३० येतं. मात्र जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तारखेला ७९ मिळवावे लागतात. नंतर आतल्या पानांचे फोटो काढाल तेव्हा पृष्ठक्रमांकावर अंगठा येऊ देऊ नका. हसू नका, निम्म्या फोटोंत अंगठाच असतो. मग सबमिशनच्या आदल्या दिवशी पोरगी एका आकड्यासाठी सार्वजनिक वाचनालयाच्या पायऱ्या चढते आणि पुस्तक नेमकं कोणीतरी घरी नेलेलं असतं.

टिपण काढताना लेखकाचे शब्द जसेच्या तसे उतरवले तर तिथल्या तिथे अवतरणचिन्हं घाला. महिनाभराने कुठलं वाक्य त्यांचं आणि कुठलं आपलं, ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. ‘आपल्या शब्दांत’ म्हणजे ‘महत्त्वाचा’चं ‘मोलाचा’ करणं नव्हे. पुस्तक मिटा, मैत्रिणीला सांगाल तसं लिहा, मग उघडून ताडून बघा. आणि शब्द तुमचे असले तरी मुद्दा त्यांचाच, म्हणजे संदर्भ द्यायचाच. ‘मॅडम, दहा टक्के चालतं ना?’ हा प्रश्न मला दरवर्षी येतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, एवढंच. तो उचलेगिरीचा कोटा नव्हे.

आता खरी अडचण. तुम्ही एका पुस्तकात दुसऱ्या पुस्तकातला उतारा वाचता. संदर्भ कोणाचा द्यायचा?

मी स्वतः यात तोंडावर आपटले आहे. काळाराम सत्याग्रहावर निबंध लिहिला होता. एका पुस्तकाच्या तळटीपेत त्या काळच्या एका वृत्तपत्राचा अंक दिला होता: ३ फेब्रुवारी १९३०. मी तो थेट माझ्या तळटीपेत घातला, भारदस्त दिसतो म्हणून. मधल्या पुस्तकाचं नाव गाळलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी पान उलटलं आणि शांतपणे विचारलं, ‘सत्याग्रह सुरू झाला २ मार्चला. या पेपरने बातमी महिनाभर आधीच छापली होय?’ त्या मधल्या पुस्तकाच्या लेखकाकडून महिना चुकला होता. मी अंक पाहिला असता तर चूक लगेच दिसली असती. मधल्या पुस्तकाचं नाव दिलं असतं, तर निदान चूक कोणाची ते तरी कळलं असतं. दोन्हींतलं काही केलं नव्हतं, म्हणून ती चूक माझीच झाली.

तेव्हापासून माझा नियम एकच: जे डोळ्यांनी पाहिलं त्याचाच संदर्भ. मूळ साधन मिळण्यासारखं असेल तर शोधा. नाहीच मिळालं तर तसं उघड लिहा: ‘अमुक वृत्तपत्र, अमुक तारीख, तमुक यांच्या पुस्तकात उद्धृत, पृ. ८४’. सूचीत फक्त तमुक यांचं पुस्तक जाईल, वृत्तपत्र नाही. यात कमीपणा कसला? उलट परीक्षकाला कळतं की हा विद्यार्थी थापा मारत नाही.

पांडवलेणीवरच्या निबंधांत ही साखळी आणखी लांबते. सातवाहन राणी गौतमी बलश्रीच्या शिलालेखात तिच्या मुलाला, गौतमीपुत्र सातकर्णीला, ‘खखरातवसनिरवसेसकरस’ म्हटलं आहे, म्हणजे क्षहरात या शत्रू घराण्याचा वंश निःशेष करणारा. मुलं बिनधास्त लिहितात: ‘संदर्भ: नाशिक शिलालेख, लेणे क्र. ३’. लेण्यात उभं राहून ब्राह्मी वाचलीत का हो तुम्ही? एमिल सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’ या शिलालेखांच्या ग्रंथमालेच्या आठव्या खंडात तो लेख वाचून छापला, तिथून तो इतिहासाच्या पुस्तकात आला, तिथून गाइडमध्ये आणि गाइडमधून तुमच्याकडे. तुम्ही गाइड वाचलंत तर गाइडच लिहा. ते लिहायची लाज वाटत असेल तर आठवा खंड शोधून काढा. तो इंटरनेटवर मिळतो, अर्ध्या तासाचं काम आहे. अशी लाज वाटलेली बरी.

‘नाशिक गॅझेटियरनुसार’ (गॅझेटियर म्हणजे जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ) एवढंच लिहिलेलं तर मी सरळ खोडते. कोणतं गॅझेटियर? मुंबई इलाख्याचा १८८३ चा सोळावा खंड की महाराष्ट्र शासनाची १९७५ ची सुधारित आवृत्ती? मध्ये ९२ वर्षं गेली. एकातली लोकसंख्या दुसऱ्याच्या नावावर खपवली की सगळा युक्तिवाद कोसळतो.

विकिपीडिया वाट शोधायला वापरा, मुक्कामाला नको. तिथल्या तळटीपांपर्यंत जा. मराठी विश्वकोशात नोंदीच्या शेवटी ती लिहिणाऱ्याचं नाव असतं, ते द्या. नुसतं ‘विश्वकोश’ लिहून भागत नाही. संकेतस्थळ असेल तर पाहिल्याची तारीख हवी. एआयने सुचवलेलं पुस्तक ग्रंथालयाच्या सूचीत सापडेपर्यंत अस्तित्वातच नाही असं समजा. न लिहिलेली पुस्तकं खऱ्या लेखकांच्या नावावर टाकण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही.

सूची आडनावाप्रमाणे, अकारविल्हे. मराठी आणि इंग्रजी पुस्तकं वेगवेगळी.

तळटीपांत ‘तत्रैव’ (म्हणजे ‘वरच्याच पुस्तकात’) वापरत असाल तर ते सगळ्यात शेवटी घाला. तोवर प्रत्येक ठिकाणी पूर्ण नाव राहू द्या. लिहिता लिहिता मध्ये एक नवी तळटीप घुसली की खालचं ‘तत्रैव’ भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागतं, आणि संगणक काही तुम्हाला सांगायला येत नाही. शेवटी प्रिंट काढा. एका हातात निबंध, दुसऱ्या हातात सूची घेऊन बसा आणि निबंधात आलेल्या प्रत्येक नावावर सूचीत बरोबरची खूण करा. ज्या पुस्तकावर एकही खूण पडली नाही, ते सूचीतून काढा.