बोर्डाचं घड्याळ यूबूटपासून कर्नलपर्यंत नीट कसं न्यायचं

शिरोली एमआयडीसीत भट्टीचं टेंपरेचर नोंदवायला एक बोर्ड लावलाय, लाईट गेली की तारीख थेट १९७०. तर भावांनो, डीएस३२३१ चिप (सेलवर चालणारं घड्याळ, म्हणजे आरटीसी) असेल तर आधी यूबूटमध्ये (लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) आय-टू-सी प्रोब मारा (आय-टू-सीच्या वायरींवर कुठल्या चिप आहेत ते दाखवणारी कमांड), ६८ हेक्स या पत्त्यावर चिप दिसली पाहिजे, नाही दिसली तर वायरिंग बघा, कर्नलला (लिनक्सचा गाभा) उगाच शिव्या घालू नका. मग डेट कमांडनं वेळ घाला, पण यूटीसीच, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं, नाहीतर पुढं लिनक्समध्ये लई गोंधळ.

खरी गोम इथं आहे. सेल संपून घड्याळ बंद पडलं की चिप ऑसिलेटर थांबल्याचा बिट लावून ठेवते, आणि यूबूटचा ड्रायव्हर वेळ वाचताना इशारा छापून तो बिट पुसून टाकतो, मग कर्नलला पत्ताच लागत नाही आणि तो चुकीची वेळ खरी मानून बसतो. म्हणून बूट स्क्रिप्टमध्ये वेळ वाचायला डेट कमांड ठेवूच नका.

डिव्हाइस ट्रीत (बोर्डावर काय जोडलंय ते कर्नलला सांगणारी फाईल) चिपचा नोड टाका, ड्रायव्हर मॉड्यूल न ठेवता कर्नलमध्येच बिल्ट-इन करा, एचसीटूसिस (बूट होताना आरटीसीची वेळ सिस्टिमला देणारी कर्नलची सोय) चालू ठेवा. एसओसीची (बोर्डाची मुख्य प्रोसेसर चिप) स्वतःची आरटीसी असेल तर डिव्हाइस ट्रीच्या एलियसमध्ये आरटीसी० हे नाव डीएस३२३१लाच द्या. शेवटी एनटीपीनं (नेटवर्कवरून) वेळ जुळली की एचडब्ल्यूक्लॉक -डब्ल्यू मारा, म्हणजे सिस्टिमची वेळ चिपमध्ये लिहिली जाते, प्लग काढा, चहा पिऊन या, परत लावून बघा.